एवढासाच तर डाग आहे!

फळांच्या परडीत तळाशी राहिलेलं सफरचंद चार दिवसांनी हाती लागतं. एका बाजूला मऊ पडलेला तपकिरी डाग आणि त्याच्या मधोमध बोटाच्या नखाएवढी निळसर-हिरवी भुकटी. सासूबाई म्हणतात, "अगं, एवढासाच तर डाग आहे. तेवढा काढून टाक आणि बाकीचं चिरून दे मुलांना." सूनबाई म्हणते, "नको हो आई, सगळंच टाकू या." सासूबाईंना सव्वाशे-दीडशे रुपये किलोचं फळ कचऱ्यात जाताना बघवत नाही. सुनेला मुलांच्या पोटाची काळजी वाटते. दोघींचंही म्हणणं मनापासूनचं आहे.

मग खरं काय करायचं? डाग कापून खाल्लं तर चालतं का? धुऊन, शिजवून, मुरांबा करून चालतं का? या प्रकरणात आपण पायरीपायरीने उत्तराकडे जाऊ. आधी बुरशी म्हणजे काय ते पाहू, मग तिच्या विषाची गोष्ट, आणि शेवटी सुरी हातात घेऊन माप काढू.

१. दिसते ती बुरशी, न दिसते तीही बुरशी

शेतकऱ्याला हरळी चांगली ठाऊक असते. वरून खुरपली की रान स्वच्छ दिसतं, पण मुळं जमिनीत दूरवर पसरलेली असतात. आठ दिवसांत हरळी पुन्हा वर. बुरशीचंही तसंच आहे.

बुरशीचं खरं शरीर म्हणजे अतिशय बारीक, रंगहीन तंतूंचं जाळं. हे तंतू फळाच्या गरात शिरतात, पाचक रस सोडून गर विरघळवतात आणि त्यातलं अन्न शोषून घेतात. म्हणून बुरशी लागलेला भाग मऊ, पाणीदार होतो. भरपूर अन्न मिळालं की बुरशी पृष्ठभागावर येऊन बीजाणू तयार करते. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी. आपल्याला दिसणारी हिरवी, निळी, करडी किंवा काळी भुकटी म्हणजे हे बीजाणू. रंग दिसू लागेपर्यंत आत तंतूंचा संसार थाटून झालेला असतो.

संत्र्यावर हे टप्पे स्वच्छ दिसतात. पहिल्यांदा सालीवर एक पाणीदार, दाबलं तर खचणारा ठिपका येतो. एक-दोन दिवसांत त्यावर पांढरा पापुद्रा धरतो. मग मधोमध शेवाळी हिरवा रंग चढतो आणि कडेला पांढरी किनार उरते. असं संत्रं उचललं की बोटांना हिरवी पूड लागते आणि थोडी हवेत उडते. त्यातला एक बीजाणू साधारण ४ मायक्रॉनचा. एक सेंटिमीटर म्हणजे १०,००० मायक्रॉन. म्हणजे एका सेंटिमीटरच्या रेघेत २,५०० बीजाणू शेजारी शेजारी मावतील. एका डागात ते किती असतील, याचा अंदाज यावरून करावा.

२. फळाला बुरशीच का धरते?

दूध नासतं, भाजी आंबते, मासा कुजतो. ही कामं बहुतेक वेळा जिवाणू करतात. फळांवर मात्र आधी बुरशी येते. याचं कारण आंबटपणा. बहुतेक फळांचा रस आम्लधर्मी असतो आणि पुष्कळशा जिवाणूंना आम्ल मानवत नाही. बुरशीला ते चालतं, शिवाय तिला साखरही आवडते. त्यामुळे फळ म्हणजे तिच्यासाठी वाढून ठेवलेलं ताटच.

अडचण फक्त सालीची. साबूत साल ही फळाची तटबंदी असते. काढणीच्या वेळी देठाशी झालेली जखम, पेटीतली घासाघीस, हातगाडीवरचा दाब, पक्ष्याची चोच, अशा कुठल्याही भेगेतून बुरशी आत जाते. बाजारात फळ घेताना देठाजवळचा भाग आणि चेपलेली बाजू पाहायची ती याचसाठी.

इथे आणखी एक गोष्ट घडते. काही बुरश्या फळातलं आम्ल हळूहळू खाऊन टाकतात. आंबटपणा कमी झाला की दाराबाहेर थांबलेल्या जिवाणूंना आत यायला वाट मिळते. पपई, कलिंगड आणि खरबूज ही फळं मुळातच कमी आंबट. त्यामुळे ती नासली तर बुरशीच्या जोडीला जिवाणूंचाही धोका असतो.

३. विष कुठलं, आणि किती?

सगळ्या बुरश्या विषारी नसतात. पण काही बुरश्या वाढताना आजूबाजूच्या अन्नात विषारी द्रव्यं सोडतात. फळांच्या बाबतीत त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव म्हणजे पॅटुलिन. सफरचंद आणि नाशपातीवर येणारी निळसर बुरशी, पेनिसिलियम एक्स्पान्सम, हे द्रव्य तयार करते.

सुरुवातीचं सफरचंद आता कापून पाहू. डागाखाली फिकट तपकिरी, मऊ गर आतल्या दिशेने गेलेला दिसतो. चमच्याने तो सहज खरवडून निघतो आणि मातकट, कोंदट वास येतो. त्याच्या पलीकडचा गर पांढरा आणि कुरकुरीत. इथे वाटतं, चला, सीमा सापडली. पण पॅटुलिन पाण्यात विरघळतं. ते रसाबरोबर पांढऱ्या, चांगल्या दिसणाऱ्या गरातही एक-दोन सेंटिमीटर झिरपलेलं असू शकतं. डोळ्यांना दिसणारी सीमा आणि विषाची सीमा एकच असेल असं नाही.

आता मात्रेचं गणित करू. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. भारतात आणि इतर अनेक देशांत सफरचंदाच्या रसात पॅटुलिन किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने रोजच्या रोज पोटात गेलं तरी चालेल अशी कमाल मात्रा ठरवली आहे. ती शरीराच्या दर किलो वजनामागे ०.४ मायक्रोग्रॅम आहे.

६० किलो वजनाच्या माणसाची मर्यादा झाली ६० × ०.४ = २४ मायक्रोग्रॅम.
२० किलोच्या मुलाची झाली २० × ०.४ = ८ मायक्रोग्रॅम.
नियमाच्या काठावर असलेल्या रसाचा २०० ग्रॅमचा पेला म्हणजे १० मायक्रोग्रॅम.

तोच पेला मोठ्या माणसाच्या मर्यादेच्या निम्म्याखाली राहतो आणि लहान मुलाची मर्यादा ओलांडतो. एका दिवशी एक पेला प्यायला म्हणून मूल आजारी पडेल, असा याचा अर्थ नाही, कारण ही मर्यादा रोजच्या सेवनासाठी आहे. पण सासूबाई-सुनेच्या वादाला यातून एक उत्तर मिळतं. "बाकीचं मुलांना दे" हे सगळ्यात चुकीचं वाटप आहे. डागी फळ ज्याच्या वाट्याला अजिबात येऊ नये, असा घरातला पहिला माणूस म्हणजे लहान मूल. गरोदर बाई, म्हातारी माणसं, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्णही त्याच रांगेत येतात.

४. "पण पेनिसिलिनही बुरशीचंच ना?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलियम बुरशीचा जिवाणूनाशक गुण दिसला. पुढे दुसऱ्या महायुद्धात औषध मोठ्या प्रमाणावर हवं होतं, तेव्हा भरपूर पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचा शोध सुरू झाला. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर ती सापडली. आपल्याकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो पेनिसिलिन बनवण्यासाठीच.

म्हणजे एका नासक्या फळाने लाखो जीव वाचवले, हे खरं. पण कारखान्यात एकच जातीची बुरशी निवडून वाढवतात, तिच्यातून औषध वेगळं काढतात, शुद्ध करतात आणि मात्रा मोजून देतात. आपल्या परडीतल्या फळावर कुठली जात बसली आहे, हे रंगावरून ओळखता येत नाही.

गंमत अशी की पॅटुलिनलाही एके काळी औषध मानलं गेलं होतं. ते जिवाणू मारतं हे दिसल्यावर सर्दीवर उपाय म्हणून १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक लोकांवर त्याची चाचणी झाली. सर्दीला काहीच फरक पडला नाही. पुढे त्याचे विषारी गुण समोर आले आणि औषधांच्या यादीतून ते कायमचं बाहेर पडलं. पेनिसिलियम हे एकच कूळ. त्यातल्या एकाने औषध दिलं, दुसऱ्याने विष. कुळाच्या नावावर भरवसा ठेवता येत नाही.

५. कापायचं तर किती?

आता सुरी घेऊ. अमेरिकेच्या कृषी विभागाने घरगुती वापरासाठी एक सोपा नियम दिला आहे. पदार्थ मऊ, पाणीदार असेल तर पूर्ण टाकायचा. घट्ट असेल तर डागाच्या सगळ्या बाजूंनी आणि खालीही किमान एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, जास्तीचा भाग काढायचा. सुरी डागात घालायची नाही, नाहीतर तीच सुरी चांगल्या भागात बुरशी नेते.

मऊ आणि घट्ट असा भेद का? चिखलात पाणी झरझर पसरतं, विटेत हळू मुरतं. पाणीदार गरात तंतू आणि विष तसेच वेगाने पसरतात. घट्ट, कमी रसाच्या भागात त्यांची चाल मंद असते.

हा नियम आपल्या सफरचंदाला लावू. फळाचा व्यास ७ सेंटिमीटर, डाग १ सेंटिमीटरचा. डागाच्या दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच सेंटिमीटर धरले तर कापायची रुंदी झाली १ + २.५ + २.५ = ६ सेंटिमीटर. खोलीही अडीच सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ गाभ्यापर्यंत. आता हातात काय उरलं? मागच्या बाजूची एक फोड. पेरू, लिंबू, चिकू, टोमॅटो तर याहून लहान. नियम प्रामाणिकपणे पाळला तर ही फळं आपोआप टाकावीच लागतात.

हेच गणित १८ सेंटिमीटरच्या कोबीच्या गड्ड्याला लावा. सहा सेंटिमीटर रुंदीचा तुकडा गेला तरी मोठा भाग शिल्लक राहतो. लाल भोपळ्याचंही तसंच.

मग व्यवहारात असं धरावं:

पूर्ण टाकावं: पिकलेला आंबा, पपई, केळं, संत्रं, मोसंबी, चिकू, अंजीर, टोमॅटो, कापलेलं कलिंगड किंवा खरबूज. सफरचंद आणि पेरू घट्ट असले तरी लहान असतात, म्हणून तेही.

कापून वाचवता येईल: कोबी, भोपळा, गाजर यांसारखे घट्ट पदार्थ, तेही डाग वरवरचा आणि एखादाच असेल तर.

निवडून वाचवता येईल: द्राक्षाचा घड, स्ट्रॉबेरीची डबी. बुरशी आलेलं फळ आणि त्याला चिकटलेली शेजारची फळं टाकावीत. बाकीची घट्ट, कोरडी असतील तर धुऊन त्याच दिवशी संपवावीत.

६. धुतलं, उकळलं, मुरांबा केला तर?

नळाखाली धरलं की वरची पूड जाते आणि फळ स्वच्छ दिसतं. आत शिरलेल्या तंतूंपर्यंत पाणी पोचत नाही. मिठाच्या पाण्याचं किंवा व्हिनेगरचंही तेच.

उकळल्याने बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेलं विष तसंच राहू शकतं. चोर पकडला म्हणून चोरीचा माल आपोआप परत येत नाही, तशी ही गोष्ट आहे. आंबट पदार्थात पॅटुलिन उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं. म्हणून डागी सफरचंदांचा जॅम किंवा रस करणं हा उपाय ठरत नाही. फळ अख्खं असताना डाग समोर दिसतो. मिक्सरमधून निघालेल्या रसात तो दिसत नाही आणि साखर-बर्फात वासही लपतो. रस बाहेर पिणार असाल तर फळ आपल्यासमोर निवडून, कापून घ्यायला सांगावं.

उष्णतेच्या या प्रश्नावर सगळ्यात कठोर धडा फळांनी दिलेला नाही, दाण्यांनी दिला आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरसटलेल्या शेंगदाण्याची पेंड खाऊन मेले आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये अवकाळी पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ल्याने राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात काविळीची साथ आली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. तो मका रोजच्या भाकरीसारखा भाजूनच खाल्ला गेला होता. घरगुती चुलीच्या आचेने हे विष नष्ट होत नाही. म्हणून बुरशी धरलेले, कडवट लागणारे शेंगदाणे, खोबरं, मका आणि सुकं अंजीर यांच्या बाबतीत "भाजून घेऊ" हा विचारही करू नये.

७. डाग आहे, पण बुरशी नाही

घाबरून चांगलं फळ टाकणं हाही तोटाच. म्हणून काही निरपराध डाग ओळखून ठेवू.

द्राक्षांवरची पांढुरकी झाक हा फळाचा स्वतःचा मेणाचा थर असतो. ती सगळ्या मण्यांवर एकसारखी असते आणि बोटाने पुसली की खाली घट्ट, चकचकीत साल दिसते. बुरशी केसाळ असते, एका जागी असते आणि खालचा भाग मऊ लागतो.

केळ्यावरचे तपकिरी ठिपके पिकल्याची खूण आहेत. हापूस कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो. कोकणात त्याला साका म्हणतात. तो फळाच्या वाढीतला दोष आहे, बुरशी नव्हे. आपटून काळवंडलेला पण वास न येणारा सफरचंदाचा भाग काढून उरलेलं खुशाल खावं.

कांद्याच्या सालीखालच्या काळ्या पुडीबद्दल २०२१ मध्ये खूप भीती पसरली होती. करोनानंतर झालेल्या म्युकरमायकोसिसला लोक 'काळी बुरशी' म्हणत, आणि ती कांद्यातून येते अशी अफवा उठली. कांद्यावरची काळी बुरशी वेगळी, तिचं नाव ॲस्परजिलस नायजर. म्युकरमायकोसिसमध्ये काळे पडतात ते रुग्णाच्या शरीरातले मेलेले भाग. कांद्याचे वरचे एक-दोन पापुद्रे काढून, धुऊन आतला घट्ट, स्वच्छ कांदा वापरता येतो. काळेपणा आत गेला असेल किंवा कांदा मऊ झाला असेल तर तो टाकावा.

८. नासका आंबा आणि आढी

एक नासका आंबा आढी नासवतो, हे आपण माणसांबद्दल बोलताना म्हणतो. पण आधी ते आंब्यांबद्दलचं शहाणपण आहे. पेंढ्यात आंबे रचून आढी लावली की घरातलं जाणतं माणूस एक दिवसाआड ती उलगडून पाही. हात फिरवत, देठ हुंगत, मऊ पडलेला आंबा अलगद बाहेर काढला जाई.

यामागे दोन कारणं आहेत. नासक्या फळातून बीजाणू शेजारच्या फळांवर पडतात, आणि चिकटून असलेल्या फळात तंतू थेट शिरतात. दुसरं, पिकणारी आणि दुखावलेली फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने आजूबाजूची फळं भराभर पिकतात, मऊ होतात आणि बुरशीला सोपी जातात.

फ्रिजमध्येही हे थांबत नाही. थंडीत बुरशीची वाढ मंदावते एवढंच. सफरचंदावरची निळी बुरशी शून्य अंशाच्या आसपासही हळूहळू वाढते. म्हणून काही सवयी लावाव्यात. फळं आणल्या आणल्या डागी वेगळी काढावीत. ठेवण्याआधी धुऊ नयेत, खायच्या वेळी धुवावीत, कारण ओल हीच बुरशीची पहिली गरज. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाम धरतो, त्यापेक्षा कागद घातलेली परडी बरी. पावसाळ्यात थोडीथोडी आणावीत. आणि आढीसारखीच, परडीही एक दिवसाआड हाताळावी.

९. चुकून खाल्लं तर?

एखादा घास गेला आणि चव मातकट लागली, तर थुंकून टाकावा, चूळ भरावी, घाबरू नये. निरोगी माणसाला एका घासाने सहसा काही होत नाही. वारंवार उलट्या, जुलाब, अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं किंवा धाप लागणं असं काही झालं तर डॉक्टरांकडे जावं. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी बुरसटलेलं फळ नाकाशी नेऊन हुंगू नये. उडणारे बीजाणू श्वासातून आत जातात.

टाकायचं फळ कागदात किंवा पिशवीत गुंडाळून उचलावं आणि परडी साबणाने धुऊन वाळवावी. ओल्या कचऱ्याच्या खतात ते खुशाल घालावं, तिथे बुरशी आपलं योग्य काम करते.

एक कळकळीची विनंती. आपण जे खात नाही ते पुण्य म्हणून गाईपुढे टाकतो. बुरशीचं विष जनावरालाही बाधतं. बुरसटलेल्या चाऱ्यातलं किंवा पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन रूप बदलून दुधात उतरतं, आणि ते दूध आपल्याच घरी येतं. गाईला द्यायचं तर चांगलं द्यावं.

१०. निकाल

अन्न टाकू नये, हा सासूबाईंचा संस्कार मोलाचा आहे. तो पाळायची वेळ मात्र डाग पडल्यानंतरची नाही, परडी भरतानाची आहे. लागतील तेवढीच फळं आणली, डागी वेगळी काढली, आधी पिकलेली आधी खाल्ली, की टाकायची पाळी क्वचित येते. आणि आलीच, तर एवढं लक्षात ठेवावं: फळ मऊ असेल तर टाका, लहान असेल तर टाका, मोठं आणि घट्ट असेल तर डागाभोवती अडीच सेंटिमीटर सोडून कापा. शंका आली तर ते मुलाच्या ताटलीत ठेवू नका. एका सफरचंदाची किंमत वीस-पंचवीस रुपये आहे, आणि डॉक्टरांची फी त्याहून कितीतरी जास्त.